सैनिक भाडेकरू, थकलेलं भाडं आणि बाबांचा कुलूप बदलायचा सल्ला

पत्र:

ताई, आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. दोन वर्षांपूर्वी फेएटव्हिलजवळ होप मिल्सला तीन बेडरूमचं घर घेतलं, भाड्याने द्यायला म्हणूनच. फोर्ट ब्रॅगची छावणी जवळ, त्यामुळे भाडेकरू मिळायला वेळ लागणार नाही असं सगळे म्हणाले, आणि तसंच झालं. ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमधला एक तरुण सैनिक, त्याची बायको आणि दोन लहान मुलं असं कुटुंब राहायला आलं. भाडं १,४५० डॉलर, दर एक तारखेला. जूनपर्यंत एकदाही उशीर नाही. जूनच्या अखेरीस त्याची तुकडी परदेशी गेली आणि तेव्हापासून जुलै आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांचं भाडं आलेलं नाही. बायको मेसेजला उत्तर देते, पण "पुढच्या आठवड्यात" यापलीकडे काही नाही. एसी चालत नाही म्हणून तिने जुलैत दोनदा मेसेज केला होता. भाडंच येत नाही तर दुरुस्ती कसली, म्हणून मी लक्ष दिलं नाही. घराचा हप्ता मी पदरचा भरतोय. साताऱ्याहून बाबा रोज फोनवर सांगतात, "ती बाहेर गेली की कुलूप बदल, नाहीतर लाइट-पाणी तोड, चार दिवसांत सोडेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." इथला एक मित्र म्हणतो, सैनिकाला घराबाहेर काढताच येत नाही. मी काय करू?

— एक घरमालक, कॅरी

उत्तर:

बाबा म्हणतात चार दिवसांत काढ, मित्र म्हणतो काढताच येत नाही. दोघांचंही बरोबर नाही. घर परत मिळवता येतं आणि त्याचा रस्ता कायद्याने आखून दिलेला आहे. भाडेकरू सैनिक असला की त्या रस्त्यावर एक जास्तीचा थांबा लागतो, एवढंच. तो थांबा चुकवायला गेलात तर प्रकरण उलटून तुमच्याच अंगाशी येईल. म्हणून आधी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा आणि तोवर त्या कुलपाला हात लावू नका.

मी वकील नाही. पण या राज्यात भाड्याची घरं सांभाळणाऱ्या ऑफिसात हिशेब आणि कागदपत्रं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि फेएटव्हिल ज्यात येतं त्या कंबरलंड काउंटीच्या कोर्टाच्या बाकांवर मी अनेक सकाळी बसलेली आहे. त्या अनुभवावरून लिहिते. तुमची केस दाखल करण्याआधी तासाभरासाठी तरी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्या. का, ते पुढे येईलच.

आधी कुलूप. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यातलं ४२वं प्रकरण घरमालक आणि भाडेकरूंचं आहे. राहत्या घरातून भाडेकरूला काढायचं तर ते कोर्टाच्या मार्गानेच, असं त्यात सरळ लिहिलं आहे. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं, सामान अंगणात आणून ठेवणं, यातलं काहीही मालकाला करता येत नाही, मग भाडं दोन महिन्यांचं थकलेलं असो की सहा. केलंत तर भाडेकरू कोर्टात जाऊन घराचा ताबा परत घेऊ शकतो आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. हे झालं राज्याचं. त्यावर केंद्राचा कायदा आहे, सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अॅक्ट, २००३ सालचा. सैनिक सेवेत असताना त्याला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला कोर्टाच्या हुकमाशिवाय घराबाहेर काढणं हा त्यात फौजदारी गुन्हा आहे. जाणूनबुजून केलं तर दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. याला भाड्याची एक मर्यादा आहे. ती २००३ मध्ये २,४०० डॉलर होती, दरवर्षी वाढत वाढत आता दहा हजारांच्या वर गेली आहे. तुमचं १,४५० डॉलरचं घर त्यात आरामात बसतं. आणि "त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब" हे शब्द नीट वाचा. तो परदेशात आहे, घरात फक्त बायको आणि मुलं आहेत, म्हणून संरक्षण कमी होत नाही. असं संरक्षण लागतं ते मुख्यतः मागे राहिलेल्या माणसांनाच.

बाबांना एक गोष्ट शांतपणे सांगा. ते जे सुचवतायत ते साताऱ्यातही चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या कलम २९ मध्ये मालकाने भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या गरजेच्या सोयी तोडायला मनाई आहे. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपून माणूस हलला नाही, तरी मालकाने कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. ताबा तिथून मिळतो. "पाणी तोड" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो हे खरं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पुण्यात आमच्या मालकांनी दहा दिवस आमच्या टाकीची चावी बंद ठेवली होती. सासूबाई पहाटे साडेचारला उठून शेजाऱ्यांच्या नळावरून कळशा भरायच्या, आणि कळशी खाली ठेवताना तिचा आवाज होऊ नये म्हणून खाली पायपुसणं ठेवायच्या. मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही घर सोडलं ते पाण्यासाठी नाही, तर सासूबाईंचं ते लपून पाणी भरणं बघवेना म्हणून. मालकांना वाटलं असेल, युक्ती चालली. तुम्ही ते करू नका.

तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून आणखी एक. मिलिटरी अपशिंगे तुम्हाला माहीत असेलच. घरटी एक तरी माणूस फौजेत, असं त्या गावाबद्दल आपण अभिमानाने सांगतो. सीमेवरच्या माणसाला मागे घराची, जमिनीची, कोर्टकचेरीची चिंता नसावी, ही कल्पना अमेरिकेने शोधलेली नाही. आपल्याकडे १९२५ सालचा भारतीय सैनिक (दावे) कायदा याच विचारातून झाला. तो युद्धासारख्या विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाला दाव्यांमध्ये सवलत देतो. महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचं कलम २३ सैनिकाला स्वतःच्या राहण्यासाठी आपलं घर भाडेकरूकडून परत मिळवायला मदत करतं. म्हणजे तिकडे सैनिक घरमालक असेल तर कायदा त्याच्या बाजूने वाकतो, इकडे सैनिक भाडेकरू असेल तर. अमेरिकेत असा पहिला कायदा १९१८ ला झाला, ज्या वर्षी फेएटव्हिलच्या पाइनच्या रानात कॅम्प ब्रॅग उभा राहिला त्याच वर्षी. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी १९४० ला तो नव्याने आला आणि २००३ ला आजच्या रूपात. बाबांना हे सांगितलंत तर त्यांचा सूर बदलेल असं मला वाटतं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. सैनिकाला कोर्टाच्या हुकमाने काढता येतं. कायदा त्याला काय देतो, तर सेवेमुळे भाडं भरण्याच्या त्याच्या क्षमतेवर खरोखर परिणाम झालेला असेल आणि त्याने तसा अर्ज केला, तर कोर्टाला कारवाई ९० दिवस थांबवावी लागते. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर हे दिवस कमी-जास्त होतात. किंवा कोर्ट भाड्याच्या अटींमध्ये दोघांना झेपेल असा बदल करून देऊ शकतं, आणि त्यात मालकाचीही बाजू बघायची असते. भाडं माफ होत नाही. आणि "परिणाम झाला" हे दाखवावं लागतं, नुसता गणवेश पुरत नाही.

इथेच तुमच्या प्रकरणात मला काहीतरी खटकतंय. घरभाड्यासाठी सैनिकाला पगाराबरोबर वेगळा भत्ता मिळतो, त्याला बीएएच म्हणतात. कुटुंब मागे असेल तर तो परदेशी गेल्यावरही चालू राहतो. पगार महिन्याच्या १ आणि १५ तारखेला. मग जूनपर्यंत एकदाही न चुकलेल्या माणसाचं भाडं बरोबर त्याच्या जाण्यानंतर कसं थांबलं? अशा वेळी पैसा नसतो असं नाही, तो कुठेतरी अडकलेला असतो. तो स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यातून भरत असेल आणि बायकोचं नाव त्या खात्यावर नसेल. पगाराच्या नोंदीत बदल होताना चूक झाली असेल. मुलांकडे बघायला कोणी नाही म्हणून तिने नोकरी सोडली असेल. यातलं नक्की काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तिला "कधी देणार" एवढंच विचारलंत. "काय झालंय" असं विचारा. तिच्या "पुढच्या आठवड्यात"मागे मला लबाडीपेक्षा लाज जास्त दिसते. चूक असेल माझी, पण विचारायला काय जातं?

विचारलंत की तिला दोन पत्ते द्या. एक, आर्मी इमर्जन्सी रिलीफ. १९४२ पासून सैनिकांच्या कुटुंबांना भाडं, वीजबिल अशा तातडीच्या गरजांसाठी बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान देणारी संस्था आहे. तिचं काम छावणीतच चालतं. नवऱ्याने जाताना पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवली असेल तर बायको अर्ज करू शकते, आणि बहुतेक जण जाण्याआधी ती करून ठेवतात. दोन, तुकडी बाहेर गेली तरी तिचा एक भाग मागे राहतो, रिअर डिटॅचमेंट. पगाराची गाठ सोडवणं, परदेशातल्या सैनिकापर्यंत निरोप पोचवणं ही त्यांची रोजची कामं आहेत. २३-२४ वर्षांच्या मुलीला, गावापासून हजार मैलांवर दोन पोरं सांभाळताना, हे आठवेलच असं नाही. तुमच्याकडून आलेला एक नीट मेसेज तिचे आणि तुमचेही दोन महिने वाचवेल.

सरळ त्याच्या कमांडरला फोन लावायचा मोह होईल. इथले काही मालक तसं करतात. भाडं हा तुमच्या आणि त्याच्यातला दिवाणी व्यवहार आहे. कमांडर त्याच्या पगारातून तुम्हाला भाडं कापून देऊ शकत नाही, आणि तिकडे मोहिमेवर असलेल्या पोराच्या नावाला उगीच डाग लागतो. आधी घराशी बोला.

आता एसी. इथे मी तुमच्या बाजूने नाही. जुलैत होप मिल्सला पारा फॅरनहाइटमध्ये नव्वदीच्या पुढे जातो आणि हवेत दमटपणाही खूप असतो. घराबरोबर मालकाने दिलेली वीज, नळ, हीटिंग, एसी ही यंत्रणा चालू ठेवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने लेखी कळवल्यावर ती दुरुस्त करून द्यावी लागते. तिचे ते दोन मेसेज जपून ठेवा, कारण कोर्टात तीही ते दाखवणार आहे. राज्याचा कायदा भाडेकरूलाही स्वतःच्या मनाने भाडं अडवू देत नाही, त्यासाठी त्यालाही आधी कोर्टातच जावं लागतं. त्यामुळे एसी बंद म्हणून भाडं नाही हा तिचा बचाव पूर्ण टिकणार नाही. पण बिघडलेल्या एसीच्या घराची खरी किंमत कमी होती, सबब इतकं भाडं मला परत द्या, असा दावा ती करू शकते, आणि मॅजिस्ट्रेट तो ऐकतात. मुळात भाडं थकलं म्हणून दुरुस्ती थांबवणं असा व्यवहार कायद्यात नाही. दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत. या आठवड्यात माणूस पाठवा, पावती ठेवा.

आणखी एक वाट आहे, आणि ती तुम्ही स्वतःहून तिच्यासमोर ठेवा असं मी म्हणेन. ९० दिवस किंवा जास्त काळासाठी तुकडीबरोबर पाठवलेल्या सैनिकाला, किंवा दुसऱ्या छावणीत कायमची बदली झालेल्याला, लीज मुदतीआधी मोडता येते. लेखी नोटीस आणि हुकमाची प्रत द्यायची. महिन्याने भाडं असेल तर नोटिशीनंतर जे पुढचं भाडं देय होतं, त्या तारखेपासून ३० दिवसांनी लीज संपते. म्हणजे नोटीस २० ऑगस्टला दिली, पुढचं भाडं १ सप्टेंबरला, लीज १ ऑक्टोबरला संपली. दंड नाही, मुदतपूर्व सोडण्याची फी नाही, आणि त्याच लीजवर सही असलेली बायकोही मोकळी होते. थकलेलं भाडं मात्र देणं राहतं. ती मुलांना घेऊन आईवडिलांकडे जायच्या विचारात असेल तर तिचाही जीव सुटेल, तुम्हालाही कोर्टाशिवाय रिकामं घर मिळेल. तुमच्या लीजमध्ये "सैनिकी कायद्याचे हक्क मी सोडतो" असं कलम घातलेलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. तसा त्याग वेगळ्या कागदावर, लेखी, मोठ्या अक्षरात आणि सेवेत असताना किंवा त्यानंतर केलेला लागतो. लीजच्या मध्येच बारीक अक्षरात टाकलेलं चालत नाही.

एवढं सगळं करूनही काहीच हललं नाही, तर कोर्ट. इथे बाबांची म्हण लागू पडत नाही. आपल्याकडे दावा नातवंडांपर्यंत चालतो म्हणून ती म्हण झाली. इथे पायरी चढायला घाबरण्यासारखं काही नाही. या खटल्याला समरी इजेक्टमेंट म्हणतात आणि तो स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, मॅजिस्ट्रेटसमोर चालतो. लीजमध्ये "भाडं थकलं तर लीज संपुष्टात" असं कलम असेल तर त्यातल्या अटींप्रमाणे चाला. नसेल तर सगळ्या थकबाकीची मागणी लेखी करा आणि १० दिवस थांबा. त्या दुसऱ्या प्रकारात निकालाआधी तिने थकबाकी आणि कोर्टखर्च भरला तर खटला तिथेच थांबतो. घरावर सरकारी पाठबळाचं कर्ज असेल, म्हणजे फॅनी मे, फ्रेडी मॅक, व्हीए वगैरे, तर कोविडच्या काळात २०२० ला झालेल्या केअर्स कायद्यातली ३० दिवसांच्या नोटिशीची अट तुम्हाला लागू होते का, ते वकिलाला आधी विचारा. मी वर तासभराचा सल्ला म्हटलं तो मुख्यतः यासाठी आणि पुढे येणाऱ्या प्रतिज्ञापत्रासाठी.

अर्ज सीव्हीएम-२०१ या नमुन्यात, फी ९६ डॉलर, समन्स शेरीफकरवी बजावायचे प्रत्येक प्रतिवादीमागे ३० डॉलर. समन्स निघाल्यापासून शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून सात दिवसांच्या आत तारीख लागते. शेरीफच्या माणसाला (डेप्युटीला) घरी कुणी भेटलं नाही तर तो समन्स दाराला चिकटवून जातो. अशा वेळी मॅजिस्ट्रेट घराचा ताबा देऊ शकतात, पण पैशाचा हुकूम देऊ शकत नाहीत, हे लक्षात ठेवा. निकालानंतर १० दिवस अपिलाचे. अपील झालं तर डिस्ट्रिक्ट कोर्टात खटला पहिल्यापासून चालतो, आणि तोवर घरात राहायचं तर भाडेकरूला येणारं भाडं कोर्टाच्या क्लार्ककडे भरावं लागतं. घर एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर अपिलात वकील लागतोच. अपील झालं नाही तर ताब्याचा हुकूम काढून घ्यायचा आणि शेरीफची माणसं येऊन कुलूप बदलतात. त्या दिवशीही सामान लगेच तुमचं होत नाही, सात दिवस भाडेकरूला ते न्यायची मुभा द्यायची असते. सैनिक नसेल तर हे सगळं महिना-सव्वा महिन्यात संपतं.

तुमचा भाडेकरू सैनिक आहे. त्यामुळे एक कागद असा आहे ज्यावर तुमची सही सगळ्यात जपून पडायला हवी. प्रतिवादी हजर नसताना निकाल हवा असेल, तर तो सैन्यात आहे की नाही याचं प्रतिज्ञापत्र वादीला द्यावं लागतं. तो नमुना जी-२५०. सैन्यात आहे असं दिसलं तर त्याच्यासाठी वकील नेमल्याशिवाय कोर्ट निकाल देऊ शकत नाही, आणि त्याला हजर राहता येत नसल्यामुळे बचाव मांडता येत नसेल तर निदान ९० दिवस तहकुबी द्यावी लागते. खोटं लिहिलंत तर पुन्हा एक वर्षापर्यंत कैद.

फेएटव्हिलला डिक स्ट्रीटवरच्या कोर्टात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळची वेळ, बाहेर भिंतीवर त्या दिवशीच्या नावांची यादी, आत बाकांवर मालक, एजंट, कडेवर मूल घेतलेल्या दोन-तीन बायका. एका मालकाचं नाव पुकारलं, भाडेकरू आलेला नव्हता. मॅजिस्ट्रेटनी त्याचं प्रतिज्ञापत्र बघितलं. "सैन्यात नाही" या चौकटीत खूण होती. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कशावरून कळलं? मालक म्हणाला, मी कधी त्याला गणवेशात पाहिलं नाही. मॅजिस्ट्रेट काही रागावल्या नाहीत. त्यांनी कागद परत त्याच्यापुढे सरकवला, पेनाने तारखेच्या जागेवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, खिडकीतून बाहेर बघा, या गावात आपण कुठे बसलोय. खटला पुढे ढकलला गेला. माणूस घाम पुसत बाहेर आला. छावणीत पन्नास हजारांच्या आसपास सैनिक असलेल्या गावात अशी खूण अंदाजाने करता येत नाही.

ती चौकशी करायला संरक्षण खात्याची वेबसाइट आहे, फुकट. आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर टाकला की त्या दिवशी तो माणूस सेवेत आहे की नाही याचं प्रमाणपत्र निघतं. नंबर तुमच्याकडे भाड्याच्या अर्जावर असेल. तुम्हाला तर तो सैनिक आहे हे माहीतच आहे, तरी प्रमाणपत्र काढून अर्जाला जोडा आणि "सेवेत आहे" असंच लिहा. जुन्या कागदांवर कुठे फोर्ट लिबर्टी, कुठे फोर्ट ब्रॅग दिसलं तर गोंधळू नका. २०२३ ला नाव बदललं होतं, २०२५ ला परत फोर्ट ब्रॅग झालं. जागा तीच.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. उशिराचा दंड भाडं पाच दिवस थकल्यानंतरच लागतो, आणि महिन्याच्या भाड्याच्या ५ टक्के किंवा १५ डॉलर यांतली जी रक्कम मोठी ती. तुमच्या बाबतीत महिन्याला ७२ डॉलर ५० सेंट, त्याहून एक सेंट जास्त नाही, आणि तो पुढच्या भाड्यातून कापून ते भाडं अपुरं दाखवायचं नाही. तिने थोडे पैसे पाठवले तर घेण्याआधी लीज बघा. अर्धं भाडं घेतल्याने तुमचा ताब्याचा हक्क जात नाही असं कलम त्यात असायला हवं, नसेल तर वकिलाला विचारून घ्या. आणि डिपॉझिट तुमच्या रोजच्या खात्यात पडलं असेल तर उद्याच काढा. ते राज्यातल्या विमा असलेल्या बँकेत विश्वस्त खात्यात ठेवावं लागतं किंवा त्यासाठी बाँड लागतो, आणि कुठे ठेवलंय ते भाडेकरूला कळवायचं असतं. थकलेल्या भाड्यात ते आताच वळतं करू नका, लीज चालू आहे.

तुमची अडचण मला कळते. हप्ता थांबत नाही, आणि दर महिन्याला परक्या घराचा भार आपल्या संसारातून उचलणं सोपं नसतं. म्हणून वाट बघण्यालाही तारीख ठेवा. आज रात्री तिला एक मेसेज करा. त्यात आधी एसीचं: अमुक दिवशी माणूस येतोय, ती वेळ तुम्हाला चालेल का. मग थकबाकी आकड्यात: दोन महिन्यांचे २,९०० डॉलर. मग वरचे दोन पत्ते आणि लीज संपवायचा पर्याय. आणि शेवटी, दहा दिवसांत काय जमेल ते लेखी कळवा, हप्त्याहप्त्याने दिलं तरी चालेल. हाच मजकूर नवऱ्याच्या ईमेलवरही पाठवा, मोहिमेवरही बहुतेकांना कधी ना कधी मेल बघायला मिळतो. दहा दिवसांत दोघांपैकी कुणाचंच उत्तर आलं नाही तर कागदांची फाइल घेऊन वकिलाकडे जा. फाइलमध्ये काय हवं: लीज, भाड्याचा महिनावार हिशेब, तिचे सगळे मेसेज एसीच्या दोन मेसेजसकट, दुरुस्तीची पावती आणि ते प्रमाणपत्र.

एसीवाला शनिवारी मिळतोय का बघा. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. कॅरीहून तासाभराचं तर अंतर आहे, आणि दोन वर्षांत तुम्ही त्या कुटुंबाशी समोरासमोर किती वेळा बोललात ते तुमच्या पत्रात कुठे आलेलं नाही.